सरकलेल्या सिंहांचा रुपया

साताऱ्याहून दहिवडीची एस.टी. सुटली तेव्हा माझ्या खिशात भिंग, मऊ फडकं आणि सरकारने नुकतंच काढलेलं एक स्मारक-नाणं होतं. अशी नाणी जो तो जपून ठेवतो, त्यामुळे त्यांना फारसा भाव येत नाही. भाव येतो तो टांकसाळीच्या चुकीला. पलटणीतून सुट्टीवर आलेल्या महादेव हवालदारांनी कळवलं होतं, की छाप सरकलेला एक रुपया त्यांच्या घरी आहे. "एका रुपयासाठी एवढी पायपीट?" बायको निघताना म्हणालीच.

वाटेत चाक बसलं. सगळे उतरलो, चहा प्यायलो. पुढे उघडा माळ आणि मेंढरं, दुसरं काही नाही.

महादेव स्टँडवर उभे होते. गावाकडे चालता चालता म्हणाले, "सायेब, आईला मोतीबिंदू झालाय. मिरजेला आपरेशनला चल म्हणलं की खर्चाचं कारण सांगती. तुमी रुपाया घेतला की तिला बोलायला जागा न्हाई."

घरी भाकरी आणि माडगं (हुलग्याचं कढण) झालं. माडगं लय फक्कड, असं मीही म्हणू लागलो होतो. मग महादेवांनी ट्रंक उघडली. रुपया नव्हता.

"त्यो व्हय? देवाला दिला की," म्हातारी म्हणाली. "वाणी घेत न्हवता. आन् तू बांगलादेशच्या लढाईवरनं सुखरूप आलास, त्याचा नवस ऱ्हायला हुता."

"आये, काय केलंस गं ह्ये!"

तिघंही देवळात गेलो. उंबऱ्यात नवसाची नाणी खिळ्यांनी ठोकलेली होती. त्यात तो दिसला. सिंह कडेला सरकलेले, अर्धा भाग कोरा आणि बरोबर मधोमध खिळा. काय नमुना होता! माझा जीव अगदी चुटपुटला.

"आता किती येत्याल?" महादेवांनी विचारलं.

"भोक पडलंय. आता काही नाही."

ते डोक्याला हात लावून पायरीवर बसले.

म्हातारीने उंबऱ्यावरून बोटं फिरवली, एका जागी थांबवली आणि कपाळाला लावली. "ह्यो माझा. एका अंगानं गुळगुळीत हाय, हाताला लगीच कळतो. पर एवढ्या लांबनं बघाय आलासा, हाय तरी काय त्यात?"

"आजी, सिंह सरकून नाण्याबाहेर निघालेत. एकाचं तर अर्धं तोंडच गायब आहे."

"आगं बया! सरकारचं बी चुकतं व्हय?" ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. मग एकदम थांबली. "महादेवा, ह्ये बघायाच पायजे. मिरजेला कवा जायाचं?"

महादेव पायरीवरून ताडकन उठले.

नाण्याला मी नेहमी कडेने धरतो, छापाला बोट लावत नाही. त्या दिवशी वाकलो, त्या रुपयावर बोटं टेकवली आणि कपाळाला लावली.

परतीच्या गाडीत स्मारक-नाणं फडक्यात तसंच कोरं करकरीत होतं. नमुना हातचा गेल्याची हळहळ साताऱ्यापर्यंत पुरली. ज्या रुपयाला मी काही किंमत नाही म्हणालो, तो बघायला म्हातारी मिरजेला निघाली होती.