दातात धरलेला धागा

आमच्या चर्चच्या मंडळीत ज्याच्या त्याच्याकडे आपल्या पाचारणाची एक गोष्ट आहे. माझ्या नवऱ्याला देवानं एका युवक शिबिरात बोलावलं, तेही पहाटेच्या प्रार्थनेत, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना. तो पाळक झाला. मला कुणी बोलावलं नाही. बारावीनंतर गोंदियाला घरात रिकामी बसले होते, शेजारची मैत्रीण ब्यूटी पार्लरच्या कोर्सला निघाली, तिला सोबत हवी होती म्हणून मीही गेले. पाळकाशी लग्न होणार हे तेव्हा ठाऊक असतं तर पेटी शिकले असते. पाळकाच्या बायकोला पेटी येणं जास्त कामाचं असतं.

लग्नानंतर नवऱ्याची नेमणूक झाली देवरीहून चिचगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. लहानशी मंडळी, कौलारू चर्च आणि आवारात आमचं दोन खोल्यांचं घर. त्यातली पुढची खोली रस्त्याकडे उघडते. तिथं मी आरसा लावला, एक उंच खुर्ची ठेवली, दाराला पडदा आणि पडद्याच्या वर ‘फक्त महिलांसाठी’ अशी पाटी. लग्नसराईत चिचगडच्या बसनं पोरी यायला लागल्या. कुणी आत येताना राम राम म्हणे, कुणी जय भीम, आमच्यातली असली तर सलाम. खुर्चीत बसल्यावर सगळ्यांची एकच मागणी, भुवया बारीक करा पण आईला कळू देऊ नका.

पाळकीणबाई म्हणून मात्र मी अगदीच कच्ची होते. पाळकीणबाईनं घरोघर जाऊन प्रार्थना करावी, भगिनी मंडळात बोलावं, रडणाऱ्या बाईला चार शब्द सांगावेत अशी अपेक्षा असते. माझी प्रार्थना म्हणजे, देवा, यांचा ताप उतरू दे, आमेन. लोकांचे डोळे मिटेपर्यंत ती संपलेली असे. एकदा खाटेवरच्या आजारी माणसानंच एक डोळा उघडून विचारलं, “झाली काय?” भगिनी मंडळात तर माझं तोंड उघडलं की बाया पदराआड जांभया द्यायच्या. मला राग यायचा, पण त्यांची तरी काय चूक?

पार्लरमध्ये बोलायचा प्रश्नच नव्हता. भुवया करताना धाग्याचं एक टोक दातात धरावं लागतं, दुसरं बोटांत. समोरची बाई डोळे मिटून, दोन्ही हातांनी आपलीच कातडी ताणून धरते. तिला मी दिसत नाही आणि मला बोलता येत नाही. अशा वेळी बाया काय काय सांगतात! सासू, नवरा, राहिलेला गर्भ, न राहिलेला गर्भ, भाताच्या रोवणीत सुजलेले पाय, मनातला माणूस. माझ्याकडून फार तर “हं” निघतो. पुढं पुढं मला वाटायला लागलं, मी इतकी वर्षं देवाला गाऱ्हाणी सांगतेय आणि तो एकदाही मध्ये बोलला नाही. त्याच्याही दातात धागा असेल. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “हे मी उपदेशात घेऊ का?” मी म्हटलं, घे, पण माझं नाव सांगू नकोस.

आमच्या मंडळीत एक वडील आहेत. वडील म्हणजे माझे नव्हेत, चर्चचे. कारभार पाहणाऱ्या पंचांतले सगळ्यात ज्येष्ठ. जंगल खात्यातून निवृत्त झाले, पण कोण काय तोडून नेतंय याच्यावरची त्यांची नजर काही हटली नाही. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी आम्हा दोघांना अडवलं.

“पाळकीणबाई, देवाच्या घराले लागून तुमी बायांच्या भुवया उपटून राहिल्या. हे काही बरं दिसत नाई.”

नवरा मऊ आवाजात म्हणाला, “वडील, आपला प्रभू सुतारकाम करायचा. त्याचा एक प्रेषित तंबू शिवायचा. हातानं केलेलं काम देवाचंच असतं.”

“असंन. पण त्यातल्या कोणी भुवया नाई केल्या.”

वडिलांनी मग सांगून टाकलं, की पुढच्या सभेत विषय घेऊ. पार्लर तरी राहील, नाही तर पाळक तरी. घरी आल्यावर नवरा म्हणाला, “पार्लरच ठेवू. मी रस्त्यापलीकडं चहाची टपरी टाकतो.” मी हसले, पण आतून पार घाबरले होते. या गावात मी कुणाच्या उपयोगी पडते अशी एकच जागा होती, ती पुढची खोली. ती गेली तर मी नुसती पाळकाच्या शेजारी उभी राहणारी बाई उरणार होते. आणि ठेवावी, तर नवऱ्याची नोकरी जाणार होती.

यात एक गोम होती. या वडिलांची बायको, म्हणजे आमच्या काकू, पावसाळ्यापासून माझ्याकडे येत होत्या.

बुधवारी वडील बाजाराला जात. पहिल्या बुधवारी काकू मागच्या दारानं आल्या आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, “आयब्रो करून द्या.” चर्चमध्ये कधी त्यांचा आवाज ऐकला नव्हता, त्यामुळे मी आधी त्यांच्या तोंडाकडेच बघत राहिले. मग पावडर लावली, धागा धरला. एक भुवई अर्धी झाली असेल तेव्हा त्या बोलायला लागल्या.

“पोरगा गेला तवापासून मले प्रार्थना येऊनच नाई राहिली, बाई. चर्चमध्ये डोळे मिटतो अन् संध्याकाळच्या भाजीचा विचार करतो. देवासंग बोलावं असं वाटतच नाई.”

त्यांचा मुलगा आम्ही गावात येण्यापूर्वी महामार्गावर ट्रकखाली गेला होता. अशा वेळी काय बोलायचं हे पाळकीणबाईला पाठ असतं. मलाही पाठ होतं, अगदी जिभेवर आलं होतं. पण अर्धी भुवई सोडून कसं चालेल? मी धागा ओढत राहिले आणि काकू बोलत राहिल्या. पोराला शिळा भात तळून आवडायचा, ताटातली मिरची तो मुकाट्यानं आईच्या ताटात सरकवायचा, हसताना तोंडावर हात ठेवायचा. दोन्ही भुवया झाल्या, तरी मी धागा सोडला नाही. शेवटी त्यांनी डोळे पुसले आणि आरशात स्वतःला पाहिलं.

“बरं झालं तुमच्या तोंडात धागा होता,” त्या म्हणाल्या. “ज्याले सांगतलं त्यानं माझ्यासाठी लगेच प्रार्थनाच सुरू केली. आयकलं कोणीच नाई.”

तेव्हापासून त्या दर बुधवारी येत. दर बुधवारी कराव्यात इतक्या कुणाच्या भुवया वाढत नाहीत. मी नुसता धागा दातात धरून त्यांच्या कपाळावरून फिरवायची. दोघींनाही ते ठाऊक होतं.

सभेचा रविवार उजाडला. उपासना झाली, पोरांना बाहेर पिटाळलं, वडील उभे राहिले. त्यांचं म्हणणं असं, की पाळकीणबाईचं काम घरोघर जाऊन बायांचं सुखदुःख ऐकण्याचं आहे, भुवया कोरण्याचं नाही. “आपल्या मंडळीतली एकबी बाई त्या पार्लरात पाय ठेवत नाई,” ते म्हणाले, “अन् ठेवणार बी नाई.”

बायांच्या बाजूला हालचाल झाली. काकू उभ्या राहिल्या होत्या.

“मी जातो.”

वडिलांना आधी कळलंच नाही कोण बोललं. मग म्हणाले, “कवापासून?”

“पावसाळ्यापासून.”

“मले काऊन नाई सांगतलं?”

“सांगाले कायले पायजे? रोज समोर बसून जेवता. दिसलं नाई काय?”

अख्ख्या मंडळीनं आधी काकूंच्या भुवया पाहिल्या आणि मग वडिलांकडे पाहिलं. भुवया सुरेख झाल्या होत्या, हे मी स्वतःच म्हणते. माझा नवरा खाली मान घालून बुटाची नाडी बघत होता, त्याचे खांदे हलत होते. वडील मात्र बायकोच्या चेहऱ्याकडे बघतच राहिले. इतका वेळ, की बाया चुळबुळायला लागल्या.

“नाई दिसलं,” ते म्हणाले आणि खाली बसले.

मग कुणीतरी कौलं फुटल्याचा विषय काढला. पार्लरचा निकाल त्या दिवशी लागला नाही, अजूनही लागलेला नाही.

दोन दिवसांनी दुपारी वडील माझ्या दाराशी आले. पाटी वाचून खालच्याच पायरीवर थांबले आणि रस्त्याकडे बघत बोलले.

“ती इथं काय बोलते?”

“ते मला सांगता यायचं नाही, वडील. त्यांनाच विचारा.”

“विचारलं. म्हणते, तुमी मधातच उत्तर देता. मंग मी काय करू?”

या खेपेस माझं तोंड मोकळं होतं. “जेवण झालं की त्यांच्यासमोर बसा. त्या बोलल्या तर बोलू द्या.”

“अन् मी?”

“तुम्ही काही बोलायचं नाही.”

“प्रार्थना बी नाई?”

“ती पण नाही.”

पाळकीणबाई मंडळीच्या वडिलांना प्रार्थना करू नका म्हणून सांगते, हे त्यांना पचायला जरा जड गेलं. टोपी काढून परत घातली.

“किती वेळ?”

“त्या थांबेपर्यंत.”

त्या बुधवारी काकू आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाहीत. मी मागचं दार उघडं ठेवून बसायची आणि मनात नाही नाही ते यायचं. घरात भांडण झालं असेल, मी नको तिथं नाक खुपसलं, असा जिवाला घोर लागला होता. चर्चमध्ये त्या मागच्या बाकावर बसायच्या आणि उपासना संपताच वडिलांबरोबर निघून जायच्या, बोलायची संधीच मिळेना.

मग एका रविवारी नवऱ्याची प्रार्थना चालू असताना मी डोळे उघडून मागं पाहिलं. पाळकीणबाईनं असं करू नये, पण मी करते. काकूंचेही डोळे उघडेच होते. त्यांनी मला पाहिलं आणि हसल्या. त्यांच्या भुवया रानासारख्या वाढल्या होत्या, मध्ये नाकावर जवळजवळ भेटल्या होत्या. माझं एक गिऱ्हाईक वडिलांनी पळवलं होतं, आणि वाढलेल्या भुवया पाहून इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.