परतीचं पाकीट

हातमोज्यांच्या कारखान्यात ती माझ्यासमोरच्या टेबलावर बसायची. एखादी शिवण उसवलेली असली तरी तिच्या नजरेतून सुटायची नाही, म्हणून आम्ही तिला घार म्हणायचो. डाव्या-उजव्याची जोडी लावायची, पाकिटात घालायची आणि आपल्या नंबराची चिठ्ठी आत टाकायची, हे आमचं काम. चुकलेलं पाकीट परत आलं, की सुपरवायझर चिठ्ठी बघून ते त्या बाईच्या टेबलावर आपटायचा आणि सगळ्यांदेखत उघडायला लावायचा. घारीचं कधीच परत आलं नव्हतं. तोराही होता तिला. "डोळे घरी ठेवून येता का गं?" असं आम्हाला सुनावायची.

चाळिशीला टेकल्यावर तिला मुलगी झाली. बाळाला दूध ओढता येईना. हृदयाला छिद्र निघालं, आणि डाऊन सिंड्रोमही. डॉक्टरीणबाईंकडे तिच्यासोबत मीच गेले, कारण नवऱ्याला नेमकं तेव्हाच काम निघालं.

"गुणसूत्रं जोडीनं असतात," बाई म्हणाल्या. "बीज तयार होताना प्रत्येक जोडी सुटून एकेकच पुढे जायला हवं. एक जोडी सुटलीच नाही. दोन्ही एकत्र गेली, वडिलांकडचं एक मिळालं, तीन झाली."

"म्हणजे पाकिटात तीन," घार म्हणाली. "मग उघडून जास्तीचं काढा ना!"

"नाही हो काढता येत. त्या एका पेशीपासूनच सगळं बाळ घडलंय, सगळीकडे तीनच उतरलीत. हृदयाचं ऑपरेशन मात्र होईल, वजन वाढू दे."

"पण चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही. वयाबरोबर शक्यता वाढते, एवढंच. तुम्ही काही केल्यानं झालेलं नाही."

घारीला ते पटेना. चिठ्ठीशिवाय चूक असते, हे तिच्या डोक्यात शिरणार कसं? घरी सासूनं तर निकालच लावला होता, "या वयात पोर काढल्यावर दुसरं काय होणार!" त्या बाईचा मला असा संताप आला म्हणून सांगू! घार मात्र मान खाली घालून बाळाला चमच्यानं दूध पाजत राहायची. निम्मं बाहेरच यायचं. वजन काही वाढेना. 'मी काय खाल्लं, काय उचललं' हेच ती उगाळत बसायची.

शेवटी बाळाला दवाखान्याच्या वॉर्डात ठेवून ती कामावर परतली. एका सकाळी परतीचं पाकीट आलं. आत तीन मोजे, चिठ्ठी गायब.

"कुणाचं हे?" सुपरवायझर ओरडला. घारीनं हात वर केला.

"माझंच असणार."

मी पाकिटावरची तारीख पाहिली. त्या दिवशी ती बाळंत झाली होती.

"अगं, तू कामावर नव्हतीसच!"

तिनं ऐकलंच नाही. पाकीट उघडून तिन्ही मोजे टेबलावर मांडले. एक उजवा, दोन डावे. डावे अगदी हुबेहूब.

"यातला जास्तीचा कुठला गं?" तिनं मला विचारलं.

"कुठलाही काढ की!" सुपरवायझर म्हणाला.

तिला एकही काढवेना.