तारीख पे तारीख नव्हे, तोच दिवस

प्रतिपक्षाचे वकील गळ्यातील पांढरी पट्टी दोन बोटांनी सैल करू लागले, की ते आता पुढची तारीख मागणार, हे मला कळते. आमच्या वसाहतीच्या सार्वजनिक बागेला एका बिल्डरने बेकायदा कुलूप ठोकले. माझ्या संतप्त पत्रांना कोणी उत्तर देईना, म्हणून मी दावा दाखल केला आणि स्वतःच बाजू मांडायला उभा राहिलो. तेव्हापासून न्यायालयात मी एकच दिवस पुन्हापुन्हा जगतो आहे: तोच बाक, तोच कुरकुरणारा पंखा, तीच सबब.

एकच दिवस असा वारंवार वाट्याला आलेला माणूस किती सामर्थ्यवान होत असेल! त्याला कोणतीही सबब नवी नसते, कोणताही चेहरा फसवू शकत नाही. माझा संताप विझलेला नाही. त्याला आता पाठांतराचे बळ आले आहे.

काल पट्टी सैल होताच, वकिलांनी तोंड उघडण्याआधी मीच उठलो. "महोदया, वकीलसाहेबांचे अशील आज आजारी आहेत. बाहेरगावी ते मागच्या खेपेस होते."

वकील हसू दाबत म्हणाले, "काका, आता माझे वकीलपत्रही तुम्हीच घ्या!"

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "खरेच आजारी आहेत का?"

वकील पट्टी पुन्हा घट्ट करू लागले.

"मग आज तारीख मिळणार नाही. वादींनी बोलावे."

मी बोलू लागलो, आणि इतक्यांदा जगलेल्या त्या दिवसात पुढे काय घडणार, हे मला प्रथमच ठाऊक नव्हते.