फाटकातून माघारी

"दादा, मेंढ्याला हात लावल्याबरूबर सांगता तुमी. सोत्ताचं कळलं न्हाई व्हय?"

"कळलं ना. मागल्या दिवाळीलाच कळलं."

"मंग बोलले काऊन न्हाई?"

"काय बोलू लेका? आंड दगडावानी झालेला मेंढा म्या कव्हा ठिवला का कळपात? खाटकालाच देल्ता ना."

एवढं बोलून आबारावांना खोकला आला. पाठीमागं उशा लावून त्यांना वॉर्डातल्या खाटेवर बसवलं होतं. पोरगा शिवशंकर जवळच्या स्टुलावर बसून होता. खोकला थांबला तरी पाठीवरचा हात त्यानं काढला नाही.

परतूरकडच्या धनगरांत आबारावांच्या हाताला मान. पैदाशीचा मेंढा घ्यायचा तर माणसं त्यांना घरून बोलावून न्यायची. हे मागून हात घालून मेंढ्याचे दोन्ही आंड चाचपायचे. सारखे आणि लवचिक लागले तर सौदा. एक जरी कडक लागला, आणि दाबूनही मेंढ्यानं अंग चोरलं नाही, तर आबाराव हात धोतराला पुसून उठायचे. मग कुणी घासाघीस करत नसे.

शिवशंकर मात्र मेंढरांमागं गेला नाही. शिकला, आणि नवीन जालन्यात एका खाजगी दवाखान्यात लागला. डॉक्टरनं फाईलीत आजार लिहायचा, यानं कॉम्प्युटरवर त्या आजाराचा नंबर लावायचा. विमा कंपनीला नंबरच लागतो. आंडाभोवती पाणी झालं, एन त्रेचाळीस. तिथल्या शिरा फुगल्या, आय शहाऐंशी. एमआयडीसीतल्या भट्टीपुढं दिवसभर उभं राहणाऱ्यांच्या पायाच्या शिरा, आय त्र्याऐंशी.

गावाला हे कळलं आणि गावाची करमणूक झाली. सुट्टीला आला की पारावर त्याचा जोडीदार कल्याण त्याला गाठायचा. "या, गोट्यामास्तर! आपल्या गावचं कोन आल्तं रे तुह्याकडं? नाव नको सांगू, निस्ता नंबर सांग."

"तुहा सांगू का?" शिवशंकर म्हणायचा. सगळा पार खदाखदा हसायचा. आबारावही हसायचे.

शिवशंकरनं कुणाचं काही कधी बोलून दाखवलं नाही. तरी गावातले बाप्ये त्या दवाखान्याची पायरी चढेनात. तसलं काही निघालं की गाडी धरून सरळ परभणीला. शिवशंकरला त्याचं हसू यायचं. घरी जेवताना त्यानं ते सांगितलंही होतं.

"दादा, आंगावर काढलं तुमी. हितं यायचं व्हतं ना माह्याकडं."

"आल्तो की."

"कव्हा?"

"उन्हाळ्यात. पॅशिंजरनं आल्तो, तुह्या मायला न सांगता. दवाखान्याच्या फाटकापशी तुही मोटरसायकल दिसली. म्हनलं, हा आत बसून समद्याईचं वाचून राह्यला. आपलं बी वाचीन. गाड्यावर च्या पेलो आन गेलो माघारी."

"मंग परभणीला तरी जायचं."

"जानार व्हतो. मंग ऱ्हाऊन गेलं."

"आवो, मी निस्ता नंबर लावतो दादा."

"वर नाव आसतं का न्हाई?"

नाव असतं. शिवशंकरनं बापाच्या पाठीमागची घसरलेली उशी वर सरकवली.

सकाळीच सर्जननं त्याला बाहेर बोलावून सांगितलं होतं. गाठी पोटात गेल्या, फुफ्फुसात गेल्या. उन्हाळ्यात आले असते तर एक आंड काढून, औषधं देऊन माणूस मेंढरांमागं लावता आला असता. आता त्रास कमी करायचा, बस. ती मोटरसायकल आताही फाटकापाशीच उभी होती.

"येक काम कर," आबाराव म्हणाले. "माहा नंबर तू लावू नको. ती पोरगी हाय ना तुह्या शेजारी, तिला लावू दे."

"मोनिका?"

"तीच. परक्यानं वाचलं तर वाचू दे. पोरानं बापाचं आसलं वाचू नी."

शिवशंकरला तो नंबर तोंडपाठ होता. स्टुलावर बसल्या बसल्याही तो डोळ्यांपुढं उभा होता. "बरं," तो म्हणाला. बापाच्या पायावर पांघरूण ओढून खाली आला.

मोनिकाला त्यानं सांगितलं. आबारावांची फाईल तिनं ओढून घेतली आणि आपल्यापुढचा गठ्ठा त्याच्याकडं सरकवला.

सर्जनचं अक्षर लागलं नाही की मोनिका रोज फाईल त्याच्यापुढं धरायची, "सर, हे काय लिहिलंय?" आज तिनं फाईल डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, उजेडाकडं तिरपी केली. शिवशंकर भिंतीकडं बघत बसला. एक शब्द बोलला असता तर तिचं काम झालं असतं. शेवटी तिनं वॉर्डात फोन लावला. सिस्टर तिकडून काहीतरी बोलली. "हां," मोनिका हळूच म्हणाली. तिचे कीबोर्डवरचे हात चालले आणि थांबले. तिनं फाईल पालथी ठेवली.

"झालं, सर."

त्यानं मान हलवली. तिच्या गठ्ठ्यातली वरची फाईल उघडली. परतूर तालुक्यातला म्हातारा, बापाच्याच वयाचा. यालाही तिथंच सूज. शिवशंकरनं रिपोर्ट वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. पाणी होतं. निस्तं पाणी. दोन दिवसांत घरी जाईल.

त्यानं एन त्रेचाळीस लावला आणि पुढची फाईल घेतली.