तारखेला येणारी बाई

मी चंद्रपूरच्या कोर्टात कारकून असताना एक बाई प्रत्येक तारखेला मुलचेऱ्याहून यायची. तिचा मुलगा गांजाच्या गुन्ह्यात तुरुंगात होता. पोलीस त्याला गाडीतून उतरवत, तेव्हा ती लांबूनच त्याचं डोकं कुरवाळल्यासारखा हात हवेत फिरवायची.

कित्येक वर्षांनी निकाल लागला आणि तो निर्दोष सुटला.

"बाई, आला तुमचा पोरगा," मी म्हणालो.

तो समोर येऊन उभा राहिला, तरी तिचा हात उठला नाही.

"भाऊ, नेला तवा त्याले मिशी बी नोती," ती म्हणाली. "तो पोरगा मले कोन देईन?"

संध्याकाळी मी आरोपींचा वयवार तक्ता भरला. अटकेच्या वर्षीच्या तक्त्यात तो विशीच्या आतला होता. आता सुटलेल्यांत मी त्याला पुढच्या वयोगटात मोजलं.