अजीजाच्या ओट्यावरचे दोन फोन

अर्शद कुवेतहून फोन करायचा तो शुक्रवारी, नमाज आटोपल्यावर. त्यामुळे मंगळवारी भरदुपारी, ड्युटीच्या वेळेत त्याचं नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे अजीजानं ओळखलं. बिरड्यासाठी मोड आणलेले वाल ती सोलत बसली होती. ओल्या बोटानं फोन उचलेना. ओढणीला हात पुसून तिनं तो कसाबसा कानाला लावला.

“अम्मी, फोन चार्जिंगला हाय काय?”

“कानाला हाय. झालं काय?”

“तो चार्जिंगला लावू नको. आमच्या रूममधल्या एकाचा फोन चार्जिंगला असताना फुगला नि पेटला. गादी जळली, त्याचा हात भाजला. मी तुला पाठवला तो त्याच मॉडेलचा, त्याच दुकानातला. दुकानवाला म्हणतो, ह्या मालातले बरेच परत आलेत.”

“नि रुखसारचा?”

“तिचा दुसऱ्या मॉडेलचा. तिला काय भीती नाय. तुझा तेवढा बंद कर नि बाहेर मातीत नेऊन ठेव. पण आधी एकदा मॉडेलचा नंबर बघून घे, खात्री करू.”

मग त्यानं तिला बोट धरून चालवावं तसं चालवलं. सेटिंगमध्ये जा, सगळ्यात खाली जा, तिथं दाब. इंग्रजी अजीजाला येत नव्हतं, पण आकडे येत होते.

“शेवटचा आकडा काय?”

“पाच.”

“नीट बघ अम्मी. सात असणार.”

“पाच हाय रे. डोळे शाबूत हायत माझे.”

तिकडं अर्शदनं मोठा श्वास सोडला. “मग दुकानवाल्यानंच चुकून दुसरा दिला म्हणायचा. अल्लाचा शुकर. वाचलो.”

मुलगा तिकडं शुकर म्हणत होता आणि इकडं तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुकानवाला चुकला नव्हता. शेवटी सात असलेला फोन कुठं आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस रोह्याच्या ओट्यावर वाल सोलत बसलं होतं.

आता ही अजीजा कोण, तर कुंडलिकेच्या काठच्या मोहल्ल्यातली बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आखातात, मुलगी रुखसार पेणला दिलेली. मोहल्ल्यातले निम्मे पुरुष तिकडेच कामाला, आणि सुट्टीवर येणाऱ्याच्या बॅगेत स्वतःचं सामान थोडं आणि दुसऱ्यांच्या घरचं जास्त, ही तिथली रीतच. ती बॅग कुणाचीही असो, उघडायची अजीजाच्या ओट्यावर. अत्तर, खजूर, ब्लँकेटं, पोरांची खेळणी, सगळं ती नाव पुकारून ज्याच्या त्याच्या हातात द्यायची. ज्याचं नाव त्याचं, हा तिचा खाक्या. आपल्या नावाचा साबण दुसरीला दे म्हणणाऱ्या बाईलाही ती म्हणायची, आधी घरी ने, मग काय तो दानधर्म कर. तिच्या ओट्यावरून वस्तू चुकीच्या घरी गेली असं मोहल्ल्यात कुणी म्हटलेलं नाही. याचा तिला गर्व होता, आणि तो ती लपवतही नसे.

मोबाईल येतात तेव्हा ते खोक्यातून येत नाहीत. खोक्यानं बॅग भरते आणि विमानतळावर कुणाच्या नजरेत भरतं ते वेगळंच. म्हणून फोन मोज्यात, कपड्यांच्या घडीत. आणि खोकी सुटी, आत बदाम नाहीतर चॉकलेटं भरलेली. मोहल्ल्यातला सईद सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेतून अर्शदचे दोन फोन असेच आले. एक तपकिरी मोज्यात, तो अम्मीचा. एक निळ्या मोज्यात, तो रुखसारचा. दोन्ही काळे, एकाच कंपनीचे, जुळ्या भावांसारखे. खोक्यांवर अर्शदनं जाड पेनानं नावं घातली होती.

सगळं वाटून झालं, बाया गेल्या, आणि अजीजानं दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. मुलानं आईला चांगला पाठवला होता. आईच्या फोनला मागं कॅमेऱ्याचे तीन डोळे, बहिणीच्या फोनला दोन. पेणला रुखसारची हिबा नुकतीच तीन महिन्यांची झालेली. लेकीनं नातीचे फोटो काढायचे आणि आपण इथं बसून ते बघायचे, तर तीन डोळे कुणाला हवेत? अजीजानं आपला फोन लेकीच्या खोक्यात घातला आणि लेकीचा आपल्याकडं ठेवला. उभ्या आयुष्यात तिनं मोडलेली ही पहिली आणि एकमेव रीत. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मुलाला वाईट वाटलं असतं, आणि ओट्याची पतही गेली असती.

“अम्मी? हायस ना?” अर्शद विचारत होता.

“अर्शद,” ती म्हणाली, “सातवाला रुखसारकडं हाय. मीच बदलला.”

मग तो एवढंच म्हणाला, “तिला फोन कर. मीपण करतो.”

अजीजानं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. दुपारची वेळ, हिबाची झोपेची वेळ. या वेळेला रुखसार फोनची रिंग बंद करून तो पाळण्यात उशाशी ठेवते आणि त्यावर पावसाच्या आवाजाची रेकॉर्डिंग लावते, म्हणजे पोर गाढ झोपतं. हे रुखसारनंच कौतुकानं सांगितलं होतं. चार्जिंगची वायर लांब घेतली, पाळण्यापर्यंत पुरते, हेही सांगितलं होतं. आणि मागच्या आठवड्यात हसत हसत आणखी एक गोष्ट बोलली होती ती. अम्मी, कव्हर बसत नाय गो आता, फोन जाडा झालाय माझ्यासारखा.

ते आठवलं आणि अजीजा ताडकन उठली. वाल सांडले ते तिनं पाहिलंही नाही.

जावई फैजल धरमतरच्या जेट्टीवर कामाला. शिफ्ट सुरू झाली की फोन गेटवर जमा. पेणची खोली नवी, गेल्याच महिन्यात घेतलेली. शेजारी कोण, घरमालक कोण, सगळे नंबर रुखसारच्या फोनमध्ये. आणि तो फोन पाळण्यात.

तिनं चप्पल पायात अडकवली आणि नाक्यावर आली. हरेशची सहा सीटर रिक्षा सीट भरायची वाट बघत उभी होती.

“हरेश, पेणला चल. आत्ता. रिकामीच.”

“चाची, आणखी चार-पाच सीट झाल्या की...”

“हिबाच्या पाळण्यात फुटणारा फोन हाय रे!”

हरेशनं लगेच चावी फिरवली. आधीच बसलेल्या मालूनं, बाजारातून घरी निघालेल्या म्हातारीनं, आपली भाजीची पाटी स्वतःच खाली उतरवली आणि म्हणाली, “जा गो अजीजा, जा. मी बसेन इथंच.”

नागोठण्यापर्यंत अजीजा फोन लावत राहिली. प्रत्येक वेळी तो वाजत होता. वाजतोय म्हणजे अजून चालू आहे, अजून पेटलेला नाही, अशी ती मनाची समजूत घालायची. आणि लगेच तिला वाटायचं, आपण वाजवल्यानंच तो आणखी तापत असेल. मग ती फोन मांडीवर उलटा ठेवायची. थोडा वेळ गेला की राहवायचं नाही आणि पुन्हा लावायची. दुवा म्हणायला तोंड उघडलं तर तिच्या तोंडून एकच वाक्य निघायचं. ज्याचं नाव त्याचं, ज्याचं नाव त्याचं. इतकी वर्षं लोकांना सुनावलेलं वाक्य आता तिलाच टोचत होतं.

वडखळच्या अलीकडं गाड्या थांबल्या. पुढं कंटेनर आडवा झाला होता. हरेशनं हॉर्न दाबून धरला, शिव्या खाल्ल्या, चारदोन दिल्या. शेवटी कडेच्या मातीत गाडी घालून, एका टपरीचं छप्पर घासत तो पुढं सरकला. अलिबागचा फाटा आला तेव्हा त्यानं विचारलं, “चाची, धरमतरला वळून जावयाला घेऊ?”

“नको. सरळ घे. आधी पोर.”

पेणला त्या इमारतीचा जिना ती कशी चढली हे तिला नंतर आठवेना. गुडघ्यांच्या दुखण्यापायी मशिदीच्या दोन पायऱ्यांनाही जी कठडा धरते, ती बाई दुसऱ्या मजल्यावर दार बडवत उभी होती. रुखसारनं झोपाळल्या डोळ्यांनी दार उघडलं. “अम्मी? तू? आधी कळवायचं तरी...”

अजीजा तिला ढकलून आत गेली. पाळण्यात हिबा एका कुशीवर निजली होती, तोंड उघडं, मूठ मिटलेली. उशाशी पावसाचा आवाज चालू. फोनची पाठ एका बाजूनं उघडली होती आणि तो टम्म फुगला होता. गोड, केमिकलसारखा वास येत होता.

“पोरीला उचल.”

“अम्मी, काय...”

“उचल म्हणते ना!”

रुखसारनं हिबाला उचललं. अजीजानं प्लगचं बटण बंद करून वायर ओढली आणि ओढणीच्या घडीत फोन धरला. घडीतूनही चटका बसला. गॅलरीत कुंड्या होत्या, पण गॅलरीत कपडे वाळत होते. ती तशीच जिना उतरली, अंगणात नव्या भिंतीसाठी टाकलेल्या रेतीच्या ढिगावर तिनं तो फेकला आणि मागं सरली. हरेशनं फावड्यानं वर रेती ओढली. थोडा वेळ काहीच झालं नाही. खाली जमलेले लोक एकमेकांकडं बघायला लागले, म्हातारीला काहीतरी झालंय असं त्यांना वाटलं असावं. मग रेतीतून फस्स करून पांढरा धूर निघाला, मागोमाग जाळ. बघणारे चार पावलं मागं सरले.

जिन्यात रुखसार हिबाला छातीशी घेऊन उभी होती. अजीजाचा फोन वाजत होता, अर्शदचा. तिनं तो उचलला, स्पीकरवर टाकला आणि सगळ्यांदेखत बोलली. हरेश होता, अनोळखी शेजारी होते, तिनं कुणाचीच पर्वा केली नाही.

“पोर ठीक हाय, अर्शद. आता दोघं ऐका. सईदनं आणलेले फोन मी बदलले. माझ्या नावाचा हिला दिला नि हिच्या नावाचा मी ठेवला. सगळ्या मोहल्ल्याला सांगत फिरले, ज्याचं नाव त्याचं, नि माझ्या पोरीच्या पोरीच्या उशाशी मीच आग ठेवली.” मग तिनं हातातला फोन लेकीपुढं धरला. “हा घे गो. हाच तुझा. सुरुवातीपास्ना तुझाच होता.”

रुखसारनं फोन घेतला नाही. तिनं आईचा भाजलेला तळवा हातात घेतला आणि त्यावर फुंकर घालायला लागली.

“मला माहीत होतं अम्मी,” ती म्हणाली. “खोक्यावरच्या चित्रात दोन डोळे नि फोनला तीन. पहिल्याच दिवशी कळलं, तू तुझा मला दिलास. तू एवढ्या हौसेनं केलंस म्हणून बोलले नाय. तुझा म्हणूनच तर पाळण्यात ठेवायचे. म्हटलं, नानी जवळ हाय पोरीच्या.”

हिबा आता जागी झाली होती. अजीजानं हात पुढं केले, पण त्या हातांनी नातीला घ्यायचा तिला धीर झाला नाही. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि मोठ्यानं रडली.