‘कुठून सुटलं?’ विचारणारे सर

प्रा. विनायकराव सोनटक्के यांची माझी पहिली भेट अमरावतीला, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, वाळ्याच्या पडद्याआड झाली. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी शिकवावे कसे, यासाठी सरांनी शिबिर भरवले होते. ‘वर्कशॉप’ हा शब्द तेव्हा नवाच. अकोल्याच्या आमच्या स्टाफरूममधले एक ज्येष्ठ म्हणाले, “वर्कशॉप मोटारीचं असते. आपण काय बिघडलो काय?” मी मात्र बिघडलेलोच होतो. गणिताचा नवखा व्याख्याता. फळ्याकडे वळलो की पाठीमागे बाजार भरायचा. जूनमध्ये राजीनामा द्यायचा आणि दर्यापूरला वडिलांच्या शेतीत लक्ष घालायचे, असे मी ठरवून टाकले होते. प्राचार्यांनी आम्हा दोघांनाही पाठवले म्हणून गेलो, इतकेच.

सरांचा तिथे एक रिवाज होता. प्रत्येकाने दुसऱ्या विषयांच्या मंडळींपुढे पाठ घ्यायचा आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने तो आपल्या घरच्या बोलीत परत सांगायचा. ज्येष्ठांना हे मुळीच रुचले नव्हते. एम.ए. होऊन पुन्हा बाकावर बसायचे, हा काय पोरखेळ! म्हणून पहिला पाठ सरांनी स्वतःच घेतला. अर्थशास्त्रातला घटत्या उपयोगितेचा नियम. सरांचे वक्तृत्व तर वऱ्हाडभर गाजलेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग सरांनी विचारले, “आता हे परत कोण सांगतं?”

सरांची नजर माझ्यावर थांबली. नोकरी सोडायचीच होती, मग भीड कशाची? मी बोलून गेलो, “सर, बोलणं लय गोड होतं. पण मले काई समजलं नाई.”

दुसरे कोणी असते तर मला तिथल्या तिथे सोलून काढले असते. सर मंचावरून उतरले, माझ्याच बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, “कुठून सुटलं?” त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी म्हटले, “पहिल्या व्याख्येपासूनच.” सर उठले आणि सगळ्यांना म्हणाले, “माझा पाठ फसला. उद्या सकाळी पुन्हा घेतो.”

सकाळी ते मंचावर चढलेच नाहीत. थेट मलाच विचारले, “लग्नाच्या पंगतीत पहिली जिलबी कशी लागते?”

“झकास.”

“अन् पाचवी?”

“पाचवीले ताटावर आडवा हात धरा लागते, सर.”

“बस. हाच तो नियम. आता व्याख्या लिहून घ्या.”

सगळ्यात मोठ्याने हसले ते मोटारवाले ज्येष्ठ, आणि पुढचा पाठ त्यांनीच मागून घेतला. एवढा नावाजलेला माणूस आपला पाठ फसल्याचे चारचौघांत सांगतो, मग माझा फसला तर काय बिघडले, असे मला पहिल्यांदा वाटले. फार हलके वाटले.

शिबिर संपताना राजीनाम्याचा विचार सरांच्या कानावर घातला. त्यांनी उपदेशाचा एक शब्द काढला नाही. “दिवाळीपर्यंत थांबा. मी येतो,” एवढेच म्हणाले. आणि खरेच, मोटारीचे गचके सोसत अकोल्याला आले, माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. पाठ निम्म्यावर आला आणि बाळापूरकडचा एक विद्यार्थी उठला. “सर, मले नाई समजलं.” माझ्या तोंडून आपोआप निघाले, “कुठून सुटलं?” त्याने फळ्यावरची ओळ दाखवली, मी तिथून पुन्हा सुरू केले. वर्ग कधी शांत झाला, हे मला नंतर आठवून पाहावे लागले.

बाहेर आल्यावर सरांनी आधी चहा कुठे मिळतो ते विचारले. चहा पिता पिता म्हणाले, “पोरं तुम्हाले विचारायले भेत नाईत. शेती वडिलांनाच करू द्या.” राजीनामा तिथेच राहिला तो कायमचा.

आज सर साठ वर्षांचे होत आहेत. त्या शिबिरांतून गेलेली आम्ही मंडळी वऱ्हाडात ठिकठिकाणी शिकवत आहोत, आणि दूर जंगलातल्या धारणीकडून आलेला पोरगाही आता आमच्या वर्गात बिनधास्त हात वर करतो. सरांना उदंड आयुष्य लाभो, प्रकृती ठणठणीत राहो आणि पंगतीत पाचव्या जिलबीलाही नाही म्हणायची पाळी न येवो. माझी एक विनंती आहे. माझ्या वर्गातला शेवटचा बाक मी मोकळा ठेवतो. सर, कधीही या, बसा. आणि कुठे सुटलं तर हात वर करा.